पंचवीस वर्षांची सुट्टी

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन माथेरानला गेलो होतो. डोंबिवलीहून सकाळची कर्जत लोकल, नेरळला उतरून शेअर टॅक्सी, दस्तुरी नाका. नेहमीचंच. नेहमीचं नव्हतं ते एकच, बाबांच्या सॅकमधली निळी फाईल. प्लास्टिकची, बटनवाली. मी ओळखली लगेच. मी सातवीत असताना ती आमच्या घरात आली आणि गेली सोळा वर्षं कपाटात, आईच्या पैठणीच्या खालच्या खणात बसून आहे.

"बाबा, ही कशाला आणलीत?"

"सांगतो वर गेल्यावर."

तर आजचा लेख त्या निळ्या फाईलबद्दल आहे. आणि आमच्या टीममधल्या एका मित्राबद्दलही आहे, ज्याला आम्ही सगळे 'पंखा' म्हणतो. फॅन म्हणजे पंखा, म्हणून. हा प्राणी थीम पार्कांचा इतका जबरदस्त फॅन आहे की ऑनसाईटला गेला तेव्हा पहिल्या पगारात ऑरलँडोला जाऊन आला. खोपोलीच्या इमॅजिकाला त्याच्या किती वाऱ्या झाल्या याचा हिशोब त्याच्याकडेही नसेल. नायट्रोची रांग कोणत्या वेळी कमी असते, कुठल्या सीटवर बसलं की पोटात जास्त गोळा येतो, सगळं पाठ. मला या माणसाबद्दल प्रेम आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याला बरंच झोडपणार आहे.

पंख्याचं म्हणणं असं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. आता कर्जत-खालापूर पट्टा म्हणजे आपलं ऑरलँडो होणार. पार्क आहे, वॉटरपार्क आहे, पार्काला चिकटून हॉटेल आहे. आता अजून रिसॉर्ट हॉटेलं हवीत, थीमवाली, आणि डिस्नीसारखी टाइमशेअर मेंबरशिप हवी. "एकदाच पैसे भर, मग आयुष्यभर दरवर्षी सुट्टी. माथेरानमध्ये पण एक घ्यायचं रे, हेरिटेज थीमवालं. मी तर पहिल्या दिवशी साईन करीन!"

आणि बाबांनी सोळा वर्षांपूर्वी नेमकं तेच केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हॉटेल आणि टाइमशेअर यांची गल्लत नको. अगदी बरोबर, गल्लत नकोच. माझं सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. पार्काजवळ हॉटेल असायला माझी ना नाही. इमॅजिका २०१३ साली खालापूर तालुक्यातल्या सांगडेवाडीला सुरू झालं, २०१४ मध्ये वॉटरपार्क आलं, २०१५ मध्ये नोव्होटेल. पुण्या-मुंबईहून पहाटे निघून, दिवसभर राईड्समध्ये घुसळून निघून, रात्री पेंगणाऱ्या पोरांना घेऊन एक्सप्रेसवेवर गाडी हाकणं हा काही शहाणपणा नव्हे. तिथेच एक रात्र राहिलात, सकाळी पोहलात, नाश्ता केलात, किल्ली परत दिलीत. संपलं. पुढच्या वर्षी जायचं की नाही, त्या हॉटेलात की दुसऱ्या, की सरळ दापोलीला, हे ठरवायला तुम्ही मोकळे. हॉटेल आवडलं नाही तर नुकसान एका रात्रीचं.

टाइमशेअरमध्ये ती किल्ली परतच देता येत नाही.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. क्लायंटला आपण सल्ला काय देतो? व्हेंडर लॉक-इन टाळा. पाच वर्षांचं लायसन्स एकदम घेऊ नका, वापराल तेवढं भरा, बाहेर पडायचा रस्ता काँट्रॅक्टमध्ये आधी लिहून घ्या. या विषयावर मी स्वतः स्लाईड्स बनवल्यात, बाणबिण काढून. आणि आपणच शनिवारी मॉलमध्ये लकी ड्रॉचा फॉर्म भरतो, रविवारी नवरा-बायको दोघांनी येणं कंपल्सरी असलेल्या 'प्रेझेंटेशन'ला जातो, आणि पंचवीस वर्षांचं लायसन्स एका बैठकीत घेऊन येतो. वर एएमसी वेगळी! सोर्स कोड तर सोडाच, कुठली खोली मिळणार तेही माहीत नाही.

आमच्या घरी हेच झालं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. बाबा अंबरनाथला कारखान्यात होते. एक एफडी मोडली, दिवाळीचा बोनस घातला, उरलेलं हप्त्यांत. त्या बैठकीतलं मला अजून आठवतंय ते म्हणजे एसी, फुकटचं कोल्ड्रिंक आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी सही केली की वाजणाऱ्या टाळ्या. एक ताई बाबांना विचारत होत्या, "सर, मुलाच्या आठवणींची किंमत तुम्ही काय लावाल?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी कोल्ड्रिंक पीत होतो. झालं! सवलत फक्त 'आजच्या दिवसापुरती' होती. भेट म्हणून एक कॅसरोल मिळाला. आई अजून त्यात पोळ्या ठेवते. आमच्याकडे त्याला 'अडीच लाखांचा डबा' म्हणतात, पण बाबा घरात नसताना.

वर पोचल्यावर, बाजाराच्या जरा पुढे एका घरगुती लॉजमध्ये सामान टाकलं. बाबांनी चहा मागवला आणि फाईल टेबलावर ठेवली.

"नऊ वर्षं शिल्लक आहेत अजून. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. आईला कुठे लांब जायचं नसतं. तुझ्या नावावर करून टाकू. तुझं लग्न झालंय, तुम्ही फिरा."

बापाने मुलाला द्यावं असं काय काय असतं. घर, शेत, दागिने, नाव. माझा बाप मला न वापरलेल्या सुट्ट्यांचा वारसा देत होता. आणि त्याच्यासोबत दरवर्षीचं शुल्क.

मी लगेच काही बोललो नाही. म्हटलं, बघतो. आणि मग रात्री, ते घोरत असताना, मोबाईलवर एक्सेल उघडलं. (इंजिनिअर आहे हो, दुसरं काय करणार.)

आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण तुम्हाला आज कुणी समोर बसवलं तर साधारण या चालीनेच येतील. धरा की आज चार लाख भरायचे. वार्षिक शुल्क अठरा हजार, दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढणारं. बदल्यात वर्षाला सहा रात्री, पंचवीस वर्षं. बँकेत सात टक्के मिळतात. हॉटेलांचे दरही वर्षाला सहा टक्क्यांनी वाढतात असं धरू, कारण "सर, पंचवीस वर्षांनी याच रूमचं भाडं काय असेल विचार करा" हे विक्रेत्यांचं सगळ्यात जोरकस वाक्य आहे आणि ते खोटंही नाही. म्हणून त्यांना तो मुद्दा देऊन टाकला. आता सगळा खर्च आजच्या पैशात आणला तर एकूण होतात सुमारे आठ लाख. रात्रींवर वाटले की पडते आजच्या भावाने एका रात्रीला सुमारे सहा हजार. जेवण वेगळं.

सहा हजार! मी क्षणभर चाटच पडलो. हे तर वाईट नाही. चांगल्या रिसॉर्टमधली बरी खोली, सहा हजार. म्हणजे पंखा बरोबर? बाबा बरोबर?

थांबा. हा आकडा तुम्ही प्रत्येक रात्र वापरलीत तर. वर्षाला सहा, एकही न चुकवता, पंचवीस वर्षं. निम्म्या वापरल्यात तर तीच रात्र बारा हजारांना पडते. एक तृतीयांश वापरल्यात तर अठरा हजारांना. सगळं गणित एका व्हेरिएबलवर लटकलंय, आणि प्रेझेंटेशनमध्ये ते व्हेरिएबल कायम शंभर टक्के धरलेलं असतं.

मग मी निळी फाईल उघडली. बाबांनी सवयीने सगळं जपून ठेवलंय, पावत्या, बुकिंगचे प्रिंटआऊट, सगळं. सोळा वर्षांत आमच्या हक्काच्या रात्री शहाण्णव. वापरलेल्या एकतीस.

एकतीस का? आम्ही आळशी म्हणून? नाही हो. माझी दहावी, बहिणीची बारावी, आजीचं आजारपण, बाबांच्या कारखान्यातला टाळेबंदीचा गोंधळ, कोविडची दोन वर्षं. जेव्हा वेळ होता तेव्हा दिवाळी किंवा मे महिना होता, आणि आमचा सीझन त्यातला नव्हता. हे सीझनचं प्रकरण सगळीकडे असतं. १९९६ साली सुरू झालेल्या महिंद्रा हॉलिडेजच्या क्लब महिंद्रानेच पंचवीस वर्षांची मेंबरशिप आणि जांभळा, लाल, पांढरा, निळा असे सीझनचे रंग आपल्या मध्यमवर्गाला शिकवले. शाळेच्या सुट्टीत जायचं तर महागडा रंग. मराठी घरातलं पोर शाळेत असताना स्वस्त रंगाचा उपयोग काय? पाऊस बघायला?

आणि आता आपल्या पिढीकडे या. तुम्हाला सलग सहा रात्रींची सुट्टी शेवटची कधी मिळाली? खरं सांगा. लग्नात धरून नाही. आपण शुक्रवारी रात्री ठरवतो आणि शनिवारी पहाटे निघतो. मॅनेजर गुरुवारी रिलीज पुढे ढकलतो. नोकरी तीन वर्षांनी बदलते, शहर बदलतं, देश बदलतो. पुढच्या एप्रिलमध्ये मी कुठल्या प्रोजेक्टवर असेन हे मला माहीत नाही, आणि पंचवीस वर्षांनंतरच्या एप्रिलमधली माझी खोली मी आज विकत घ्यायची!

इथे पंखा डिस्नीचं नाव काढतो, म्हणून तेही बघू. आधी त्याचा मुद्दा, जसाच्या तसा. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, आणि भोवती दुसऱ्यांच्या मोटेलांची जत्रा भरली. लोक पार्कात यायचे, रात्रीचे पैसे मात्र शेजारच्या मोटेलवाल्याला. डिस्नीने धडा घेतला. फ्लोरिडात सत्तावीस हजार एकरांच्या आसपास जमीन घेतली आणि १९७१ मध्ये पार्क उघडलं तेच स्वतःच्या हॉटेलांसकट. मग १९९१ मध्ये डिस्नी व्हेकेशन क्लब. पॉईंट्स घ्या, वापरा. फॅन लोक त्यावर जीव टाकतात. पंखा म्हणतो, तिथे चालतं तर इथे का नाही?

उत्तर सोपं आहे. तिथे ज्यामुळे चालतं ते इथे नाही. तिथल्या पहिल्या रिसॉर्टचे करार २०४२ मध्ये संपतात हे पहिल्या दिवसापासून कागदावर आहे. नको झालं तर पॉईंट्स विकायला बाजार आहे, आणि काय भावाने जातील याचा अंदाज कुणालाही घेता येतो. फ्लोरिडात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यात सही केल्यावर दहा दिवसांत विनाकारण रद्द करायचा हक्क आहे. युरोपात २००८ च्या निर्देशानुसार चौदा दिवस, आणि त्या चौदा दिवसांत विक्रेत्याला आगाऊ पैसे घ्यायलाच मनाई. का? कारण तिकडच्या सरकारांना कळलं की टाळ्या वाजत असलेल्या खोलीत, 'आजच्या दिवसापुरत्या' सवलतीत माणूस जी सही करतो ती सही शुद्धीवर केलेली नसते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, म्हणजे तक्रार, तारीख, तारीख, तारीख. आणि विकायला बाजार? बाबांच्या फाईलीला आज गिऱ्हाईक कोण, तर मी. तेही फुकटात.

म्हणजे फॅन लोक डिस्नीचा किल्ला बघतात आणि खाली असलेला कायद्याचा पाया विसरतात. किल्ला आपल्याकडे सहा महिन्यांत उभा राहील. पाया कोण बांधणार?

दुसरी गोष्ट, पंचवीस वर्षं. पंख्याच्याच लाडक्या पार्काची गोष्ट घ्या. २०१३ ला उघडलं. मनमोहन शेट्टींनी मोठ्या हिमतीने उभं केलं, यात शंका नाही. २०१५ ला शेअर बाजारात उतरलं. मग अपेक्षेइतके लोक आले नाहीत, कर्ज डोईजड झालं, आणि २०२२ मध्ये कंपनी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. पार्क चालू राहिलं, चांगलं झालं, मलाही आनंद आहे. पण उघडल्यापासून मालक बदलेपर्यंत वर्षं किती? नऊ. १९८६ साली सुरू झालेल्या स्टर्लिंगचंही तेच, २०१४ मध्ये ती थॉमस कुक इंडियाकडे जायचं ठरलं. यात कुणी लबाडी केली असं मी अजिबात म्हणत नाही. धंदे असेच असतात, हात बदलतात. म्हणून तर शेअर विकता येतो. पण ज्या धंद्याची स्वतःची नऊ वर्षांपुढची खात्री नाही, त्याला आपण आपली पंचवीस वर्षं का द्यायची?

आणि हे तर झाले रीतसर धंदे. मराठी माणसाला 'सुट्टीची मेंबरशिप' या शब्दाने जो खरा फटका दिला तो वेगळाच. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज. हॉटेलच्या रात्री विकत घ्या, नाही वापरल्यात तर काही वर्षांनी वाढीव रक्कम घ्या. म्हणजे नाव सुट्टीचं आणि आशा व्याजाची. सेबीने जुलै २०१४ मध्ये बडगा उगारला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करायचा आदेश दिला. आकडा ऐकून घ्या. सात हजार पस्तीस कोटी रुपये. गुंतवणूकदार एक्कावन्न लाखांहून जास्त. एक्कावन्न लाख! यातल्या बहुतेकांना हॉटेलात राहायचंच नव्हतं. त्यांना ओळखीच्या एजंटने, म्हणजे मावशीच्या जावेने किंवा ऑफिसातल्या भाऊंनी, सांगितलं होतं.

कुणी म्हणेल, ती बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना होती, टाइमशेअर नव्हे. मान्य. दोन्ही एका पारड्यात तोलायचे नाहीत. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आजच्या पैशाच्या बदल्यात उद्याची रात्र. आणि उद्याच्या रात्रीचं वैशिष्ट्य असं की ती आज दाखवता येत नाही. दाखवतात ते ब्रोशर.

आता माथेरान. पंख्याला तिथे 'हेरिटेज थीम रिसॉर्ट' हवंय. मला हसू आलं. अरे बाबा, ज्या गावात हेरिटेज आहे तिथे हेरिटेजची थीम कशाला? ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे चढून आला. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने गाडी बांधली, ती १९०७ पासून दोन फुटी रुळांवर नेरळहून वर येते. २००५ च्या आणि २०१९ च्या पावसाने रूळ उखडले, वर्षानुवर्षं गाडी बंद राहिली, पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा डोंगर आणि भोवतालचा प्रदेश, दोनशे चौदा चौरस किलोमीटर, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. गाड्या दस्तुरीलाच थांबतात. तिथून पुढे पाय, घोडा, शटल, आता ई-रिक्षा. यातलं काहीच कुणी 'डिझाईन' केलेलं नाही, आणि कुठल्याही एका कंपनीच्या हातात नाही. म्हणून तर ते टिकलंय.

माथेरान म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. याच गावात माणसं माणसांना हातरिक्षात बसवून ओढत होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा असं सांगावं लागलं. दस्तुरी नाक्यावर 'पुढे गाडी नाही, घोडाच घ्यावा लागेल' असं सांगून नवख्याला गंडवणारेही आहेत. पण बघा, मार्च २०२५ मध्ये त्याच फसवणुकीविरुद्ध माथेरानकरांनी स्वतःची दुकानं, हॉटेलं बंद ठेवली. आपल्याच गावातल्या लुबाडणुकीविरुद्ध आपलाच गल्ला बंद! आणि दस्तुरीला फसलात तर जातात किती? पाचशे, हजार. रात्री लॉजवर शिव्या घालून विषय संपतो. टाइमशेअरमधल्या फसगतीचं बिल दरवर्षी एप्रिलमध्ये घरी येतं.

आम्ही राहिलो त्या लॉजचंच घ्या. काकू स्वतः स्वयंपाक करतात. पिठलं-भाकरी सांगितली तर मिळाली. खिडकीतून माकड आलं आणि आमचा साबण घेऊन गेलं. दोन रात्रींचे मिळून जे पैसे झाले ते आमच्या निळ्या फाईलीच्या या वर्षीच्या शुल्काच्या एक चतुर्थांशही नव्हते. आणि निघताना काकूंनी पुढच्या पंचवीस वर्षांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाल्या, "या परत." मेंबरशिप म्हणतात ती हीच. आवडलं तर येऊ, नाही आवडलं तर काकूंना सुधारावं लागेल. ज्या दिवशी आपण पंचवीस वर्षांचे पैसे आधीच देऊन टाकतो, त्या दिवशी पिठलं चांगलं करायचं कारणच आपण काढून घेतो.

माझं पंख्याशी भांडण आहे ते इथे. फॅन असणं ही फार चांगली गोष्ट आहे. पण फॅनचं काम काय? चांगलं झालं तर टाळ्या आणि वाईट झालं तर शिट्ट्या. सचिनवर जीव टाकणारेच तो खराब शॉट मारून आऊट झाला की टीव्हीसमोर सगळ्यात जास्त ओरडायचे. पंचवीस वर्षांचं तिकीट आधीच फाडलेला फॅन शिट्टी मारू शकत नाही. त्याला आपला निर्णय बरोबर होता हे रोज स्वतःला पटवत राहावं लागतं. मग तो दुसऱ्यांनाही पटवतो. मग तो फॅन उरत नाही, बिनपगारी सेल्समन होतो. आमच्या बाबांनीही पहिली दोन वर्षं चार नातेवाइकांना 'घ्या हो, छान आहे' म्हणून सांगितलं होतं. एका काकांनी घेतलंही. त्यांच्याशी बाबा आता सुट्टी हा विषय काढत नाहीत.

रविवारी सकाळी शार्लट तलावापर्यंत चालत गेलो. हळूहळू, तीनदा बसून. तिथे मी बाबांना सांगितलं. आकडे सांगितले नाहीत. नुसतं म्हणालो, "बाबा, मला नको ती फाईल. शुल्क थकलं की आधी बुकिंग बंद, मग थकबाकीवर व्याज, असं काँट्रॅक्टमध्ये लिहिलंय. रद्द करायचं पत्र मी लिहितो. हिशोबाने काही परत मिळालं तर ठीक, नाही तर आपण इथेच थांबवू."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी मूर्खपणा केला."

याला उत्तर काय देणार? मूर्खपणा नव्हताच तो. एका माणसाला वाटलं होतं की दरवर्षी सहा दिवस आपण आपल्या पोरांना घेऊन कुठेतरी जाऊ शकू, आणि त्याची हमी विकत मिळते. त्या हमीसाठी त्याने एफडी मोडली. विकणाऱ्याला नेमकी ही इच्छा माहीत होती, आणि ही इच्छा कारखान्याच्या शिफ्टमध्ये, परीक्षांमध्ये, दवाखान्यांत कशी विरते हेही माहीत होतं. सहाच्या सहा रात्री सगळे मेंबर एकदम वापरायला आले, तेही दिवाळीत, तर खोल्या पुरतील का? विचारा कधी प्रेझेंटेशनमध्ये. आपल्या न वापरलेल्या रात्री ही त्या गणितातली चूक नाही, ते गणित त्यांच्यावरच उभं आहे.

मी एवढंच म्हणालो, "त्या एकतीस रात्री मला आठवतात, बाबा. बाकीच्यांचं सोडा."

नेरळपर्यंत ते काही बोलले नाहीत. स्टेशनवर वडापाव घेतला. लोकल यायला वीस मिनिटं होती. अर्धा वडापाव संपल्यावर म्हणाले, "पत्र मराठीत लिही. सही माझी आहे, मला कळलं पाहिजे काय लिहिलंय ते."

तर मंडळी, कर्जत-खालापूरला हॉटेलं येऊ देत, भरपूर येऊ देत, डायनासोरच्या आकाराची येऊ देत. जा, राहा, बिल भरा, किल्ली परत करा. पण पुढच्या शनिवारी मॉलमध्ये कुणी हसऱ्या चेहऱ्याने लकी ड्रॉचा फॉर्म पुढे केला, तर तीन प्रश्न विचारा. सही केल्यावर किती दिवसांत विनाअट रद्द करता येईल? मला नको झालं तर तुम्ही स्वतः किती रुपयांना परत घ्याल? आणि मागच्या दिवाळीत किती मेंबरांना हवी ती खोली मिळाली? तिन्ही उत्तरं लेखी मागा.

कॅसरोल मिळणार नाही. पण पोळ्या डब्यातही गरम राहतात.

ता. क. : पंख्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे, टाइमशेअर नको. पण या महिन्यात इमॅजिकाला येतोस का? एक रात्र राहू." म्हटलं, येतो. किल्ली परत देतात ना तिथे? मग येतो.